क्रेन अर्ध्या तासात येते

अमरावतीहून अकोल्याकडे निघालं आणि बडनेरा मागे पडलं, की रस्ता सरळ होतो. दोन्ही बाजूंना काळी रानं, मधे दुभाजकात कण्हेरीची झाडं, आणि अधूनमधून एखादं गाव, ज्याच्या नावाची पाटी वाचेपर्यंत ते मागे गेलेलं असतं. या रस्त्याच्या एका तुकड्यावर मी गस्तीच्या गाडीवर काम करतो. लोक आम्हाला पोलीस समजतात, कारण अंगावर चमकणारं जाकीट असतं आणि गाडीवर पिवळा दिवा फिरत असतो. आम्ही पोलीस नाही. रस्ता सांभाळणाऱ्या कंपनीची माणसं आहोत. कुणाचा टायर फुटला, कुणाचं इंजिन तापून बंद पडलं, ट्रकवरून कापसाच्या गाठी घसरल्या, रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येऊन कारवर आदळला, की आधी आम्ही पोहोचतो. मागून येणाऱ्याला दुरून दिसावेत असे नारिंगी शंकू लावतो, माणसांना रस्त्यावरून बाजूला काढतो, क्रेन किंवा अँब्युलन्स बोलावतो, आणि ती येईपर्यंत त्यांना धीर देतो.

हे शेवटचं काम नेमणुकीच्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं, पण दिवसभरात सगळ्यात जास्त तेच करावं लागतं. मी लिहितो आहे ते त्या धीराबद्दल. तो मी कसा दिला, आणि एका माणसाला तो केवढ्याला पडला, याबद्दल.

नोकरीला लागलो तेव्हा माझ्याबरोबर एक जुने गृहस्थ होते. आता ते काम सोडून गावी शेती पाहतात. त्यांनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "गाडी बंद पडलेला मानूस पयले एकच गोष्ट इचारते. किती टाइम लागन? त्याले सांगाचं, अर्धा तास. क्रेन लोणीत असो का अकोल्यात असो, अर्धा तास."

"काहून बा? खरं सांगतलं तं काय बिघडते?"

"खरं सांगतलं का मानूस उठून चालाले लागते. नाही तं सोताच जॅक लावून गाडीखाली घुसते. अर्धा तास म्हटलं का झाडाखाली बसून राहते. बसला म्हंजे वाचला. मंग दे म्हना शिव्या."

त्यांचं म्हणणं उगाच नव्हतं. एका माणसाला मी खरी वेळ सांगितली होती. तो वैतागून बॅग खांद्याला लावून पांढऱ्या पट्टीच्या आतून चालत निघाला, आणि एका ट्रकच्या नुसत्या वाऱ्यानं रस्त्याखालच्या नालीत जाऊन पडला. हात मोडण्यावर निभावलं. त्यानंतर मी वाद घातला नाही. अर्धा तास हा शब्द माझ्या तोंडात बसला.

पण इथे मला प्रामाणिक राहायला हवं. हळूहळू त्या शब्दामागचं कारण गळून गेलं आणि शब्द तेवढा राहिला. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचं तोंड पाहत उभं राहणं अवघड असतं. तो तुमच्याकडे असा बघतो, जणू क्रेन तुमच्या खिशात आहे. अर्धा तास म्हटलं, की त्याचा चेहरा सैल होतो आणि आपल्याला गाडीत बसून पुढे जाता येतं. मी तो शब्द त्यांना बसवण्यासाठी कमी आणि मला निघण्यासाठी जास्त वापरत होतो. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ऊन असं होतं की डांबरावर पाणी सांडल्यासारखं चमकत होतं आणि जवळ गेलं की ते पुढे सरकत होतं. लोणी ओलांडून आम्ही कुरूमकडे चाललो होतो. गाडी माझा जोडीदार चालवत होता. पुढे एक छोटी पांढरी कार कडेला उभी दिसली. बॉनेट उघडं, आतून वाफ निघतेय. आणि कारच्या मागे, ऐन लेनमध्ये, एक बाई दगड मांडत होती.

आमच्या रस्त्यावरची ही रीतच आहे. गाडी बंद पडली की मागे दगडांची ओळ लावायची, त्यात लिंबाची नाही तर बाभळीची फांदी खोचायची. मागच्याला इशारा म्हणून. इशारा चांगला, पण गाडी सुरू झाली की माणूस आनंदानं निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. मग एखादा मोटारसायकलवाला त्यांच्यावर जातो. आमचा अर्धा दिवस असे दगड उचलण्यातच जातो.

मी उतरून शिट्टी वाजवली. "ताई, दगड नका ठेवू. बाजूला व्हा पयले."

"मंग काय ठेवू? डोक्यावरचा पदर ठेवू?" ती पन्नाशीची असावी. गुडघे दुखत असणार, कारण वाकलेली उठताना तिनं कारला हात लावला. "एक तं बाईमानूस दगड उचलून राहिली, अन् तुमी शिट्टी वाजवून राहिले."

जोडीदार हसला. आम्ही शंकू लावले, दगड कडेला केले. तिनंही दोन उचलले. तिचा नवरा रस्त्याच्या उताराखाली उभा राहून फोनवर बोलत होता. फोन ठेवून तो वर आला. पांढरा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला.

"साहेब, मातीले चाललो," तो म्हणाला. "माय गेली."

तो नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात होता. आई धाकट्या भावाकडे राहायची, बोरगाव मंजूच्या पुढे, फाट्यावरून आत असलेल्या गावात. सकाळी तिला जरा बरं वाटत होतं आणि दुपार होता होता ती गेली. हा थोरला. अग्नी यानं द्यायचा. ऊन बघता रात्रभर ठेवणं शक्य नव्हतं, आणि गावची माणसं दिवस बुडाल्यावर माती करत नाहीत. तेव्हा दिवस बुडायच्या आत याला पोहोचायला हवं होतं. एवढं सगळं त्यानं मला उभ्या उभ्या सांगितलं. मग विचारलं, "क्रेनले किती टाइम लागन?"

क्रेन कुठे होती ते मला माहीत होतं. बडनेऱ्यापाशी लोखंडानं भरलेला ट्रेलर उलटून अमरावतीकडे जाणाऱ्या बाजूला आडवा झाला होता आणि आमची एकुलती क्रेन तिथे अडकली होती. थोड्याच वेळापूर्वी क्रेनवाल्यानंच मला फोनवर सांगितलं होतं, की संध्याकाळपर्यंत त्याचं नाव काढू नका.

माय गेली हे मी ऐकलं होतं. दिवस बुडायच्या आत हेही ऐकलं होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "अर्धा तास. अर्ध्या तासात क्रेन येते."

जोडीदारानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्या माणसाचा चेहरा मात्र सैल झाला. त्यानं माझ्यासमोरच भावाला फोन लावला. "हाव, अर्ध्या तासात क्रेन येते म्हंते. मूर्तिजापुरात गाडी टाकतो अन् तिथून दुसरी करून येतो. तुमी तयारी करून ठेवा, पण थांबजा. मी येऊनच राहिलो."

मी त्या दोघांना कठड्यापलीकडे बाभळीखाली बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि आम्ही निघालो. पुढे मूर्तिजापूरजवळ एका ट्रकचा टायर फुटला होता. जायलाच हवं होतं, हे खरं. पण ट्रक नसता तरी मी निघालोच असतो.

परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. बाई झाडाखालीच होती. तो मात्र शंकूंच्या आत येऊन अमरावतीच्या दिशेला बघत उभा होता. प्रत्येक मोठी गाडी दिसली की टाचा उंचावत होता.

"साहेब, अर्धा तास कवाचा झाला."

"निघाली हाय. रस्त्यात गर्दी हाय. अर्धा तास अजून."

पुन्हा त्यानं फोन लावला. या वेळी पलीकडचा आवाज मोठा होता. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. हा एवढंच म्हणत होता, "अरे खरंच बंद पडली रे. नाही बा, घरून तं कवाचाच निघालो. लोणीच्या पुढं उभा हाय. कोनाची आन घेऊ आता?"

फोन ठेवून तो रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. बायको कठडा धरून वर आली. तिनं नवऱ्याला काही विचारलं नाही, मला विचारलं.

"भाऊ, तुमाले काय वाटते? येईन काय क्रेन?"

माझ्या गाडीत लाल झेंडी होती. ती दुपारपासून होती. अमरावती-अकोला एसटी दर थोड्या वेळानं जाते, आणि चौपदरीवर ती कुणासाठी थांबत नाही, पण आमच्या झेंडीला थांबते. गस्तीच्या गाडीत प्रवासी बसवायचा नाही असा नियम आहे, पण एसटी थांबवायची नाही असा कुठलाच नियम नाही. त्या वेळात तीन-चार गाड्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या असतील. झेंडी काढायची म्हणजे क्रेन येणार नाही हे कबूल करायचं होतं. मी ते टाळत आलो होतो.

मी गाडीकडे गेलो. झेंडी घेऊन रस्त्यावर उभा राहिलो.

बस थांबली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "काय बा, चेकिंग हाय का? टाइम पाहा ना जरा."

"यायले मातीले जाचं हाय. माय गेली. गाडी बंद पडली."

त्याचा आवाज लगेच खाली आला. "बसा काका. ए, समोरची सीट रिकामी करा रे."

तो माणूस बायकोकडे वळला. ती म्हणाली, "गाडीपाशी कोनी तं पायजे. तुमी जा. अग्नी तुमाले द्याचा हाय, मले नाही." मग कारच्या मागच्या सीटवरून तिनं एक पिशवी काढून त्याच्या हातात दिली. त्यात सासूसाठी घेतलेलं नवं लुगडं होतं. शेवटचं, अंगावर टाकायचं. तो पिशवी काखेत धरून बसमध्ये चढला. फाट्यावर चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन उभा राहील, असं ठरलं.

पुढचा फोन आला तेव्हा जोडीदार गाडी घेऊन गेला. मी तिथेच थांबलो. पहिल्यांदा स्वतःहून थांबलो.

आम्ही बाभळीच्या दोन बाजूंना बसलो. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "तुमची क्रेन पंचांग पाहून निघते वाटते," ती म्हणाली. मी हसलो नाही. मग ती सासूबद्दल बोलू लागली. सासू तोंडानं फटकळ होती. थोरल्या मुलाला लग्नाच्या आधीपासून म्हणायची, हा नुसता येतो म्हननारा. "हे फोनवर म्हनाले, माय येऊन राहिलो, का सासू म्हने, आलास म्हंजे भाकर टाकतो. आधी नाही टाकत, थंडी होते. अन् खरंच, आमी दारात उतरलो का मंग चूल पेटवे. आजारी होती तवा बी हे तसेच. येतो येतो म्हनत चार रविवार गेले. पाचव्याले गेलो."

सूर्य शेतांवर टेकत आला होता. दूर कुठेतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर होता. तिचा फोन वाजला. पडद्यावर पाहून तिनं पदर सावरला, म्हणजे दीर असणार.

"हाव," ती म्हणाली. बराच वेळ ऐकत राहिली. "हाव. बरं." फोन मांडीवर ठेवला.

"देला म्हने अग्नी. लोकं नाही थांबले. दोनदा थांबले होते ना."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. हा नवऱ्याचा होता, बसमधून. तिनं तो लगेच उचलला नाही. माझ्याकडे पाहिलं. मग उचलला.

"हाव. थांबले हायेत. आताच फोन होता. तुमी या सावकाश." तिचा आवाज अगदी सरळ होता. "नाही नाही, थांबले हायेत."

फोन बंद करून ती म्हणाली, "काय सांगू? चालत्या बसमधून उडी मारन थो."

जुन्या गृहस्थांनी मला जे सांगितलं होतं, तेच. खरं सांगितलं की माणूस उठून चालायला लागतो. पण नवरा फाट्यावर उतरेल तेव्हा हे खोटं तिच्याच दारात येऊन उभं राहणार आहे हे तिला ठाऊक होतं. मी मात्र इतकी वर्षं ते बोलून गाडीत बसून निघून जात होतो.

तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. ताई, क्रेन निघालीच नव्हती आणि मला ते माहीत होतं. एवढं एक वाक्य. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिनं ती घेतली, प्यायली नाही.

अंधार पडता पडता क्रेन आली. क्रेनवाला उतरत म्हणाला, "माफी करा बाई, दुपारपासून बडनेऱ्यावरच फसलो होतो. यायले सांगतलं होतं मी." त्यानं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. तो साखळी काढायला मागे गेला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल, आणि तिनं बोलावं असंही वाटलं. ती क्रेनच्या पायरीवर हात ठेवून उभी राहिली. दुखऱ्या गुडघ्यानं वर चढता येईना. मी हात दिला. तिनं तो धरला, कारण दुसरं काही धरायला नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस मी काम केलं, जेवलो, झोपलो. घरी काही सांगितलं नाही. माझा बाप गेला तेव्हा मी चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावी वेळेवर पोहोचलो होतो. मडकं खांद्यावर घेऊन फिरलो, अग्नी दिला. त्या वेळी मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. मुलानं करायचं ते केलं, एवढंच. आता मात्र रस्त्यावर एखाद्यानं किती टाइम लागन विचारलं, की माझी जीभ अडखळू लागली.

मग मूर्तिजापूरच्या गॅरेजमधून मिस्त्रीचा फोन आला. "थो पांढऱ्या गाडीवाला आला. तुमाले भेटल्याबिगर जात नाही म्हंते."

मी गेलो. तो गाडीच्या शेजारी स्टुलावर बसला होता. डोक्यावरचे केस काढलेले होते, त्यामुळे आधी ओळखू आला नाही. त्यानं मला बसायला सांगितलं नाही.

"क्रेन बडनेऱ्यावर होती, हे तुमाले मालूम होतं?"

मिस्त्री पाना हातात धरून थांबला. येताना वाटेत मी बरीच उत्तरं जुळवली होती. मालूम होतं, पण वाटलं लवकर सुटेल. मालूम होतं, पण नक्की नव्हतं.

"मालूम होतं," मी म्हणालो.

"पयल्यांदा इचारलं तवा बी?"

"हाव. तवा बी."

"मंग?"

"असंच सांगतो आमी. सगळ्याइले अर्धाच तास सांगतो. तुमी सांगतलं होतं मले माय गेली म्हनून. तरी सांगतलं."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "माह्या भावाले हे सांगान काय?"

मला कळलं नाही. तो सांगू लागला, तसं कळत गेलं. तो गावात पोहोचला तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. धाकटा भाऊ समोरून आला आणि थांबलाही नाही. त्या दिवसापासून तो याच्याशी बोलत नव्हता. त्याचं म्हणणं, गाडी बंद पडलीच नव्हती. हा नेहमीसारखा घरूनच उशिरा निघाला, आणि अर्धा तास, अर्धा तास करत मेलेल्या मायलाही ताटकळत ठेवलं. नंतर गाडी कुठेतरी गॅरेजला नेऊन लावली असेल. "बायकोची साक्ष कोन धरते, साहेब? थे माहीच बायको. गावात सगळे तसंच म्हनून राहिले. अग्नी गेला थे गेला. थो काही वापस येत नाही. पन माह्या भावानं असं समजू नये. आमी दोघंच हावोत."

"येतो," मी म्हणालो, आणि म्हणताना माझं मलाच कसंतरी झालं. "तेरवीच्या दिवशी येतो. सुट्टी टाकतो."

मधल्या दिवसांत मी खरी वेळ सांगायला सुरुवात केली. जोडीदार म्हणाला, "काहून मार खाचा इचार हाय काय?" एकानं खरंच माझी कॉलर धरली. त्याला दोन तास सांगितले होते. पण दुसऱ्या एकानं ते ऐकून मेव्हण्याला फोन केला आणि मेव्हणा गाडी घेऊन क्रेनच्या आधी आला. चालत मात्र कुणी निघालं नाही. निघू देत नाही. आता मी तिथे उभा राहतो, सावलीत बसवतो, फोन करायला लावतो. वेळ लागतो. जोडीदार कुरकुरतो. त्याचंही खरं आहे, पुढेही कुणी अडकलेलं असतं आणि गाडी एकच आहे.

तेरवीला मोटारसायकलवर गेलो. साधे कपडे होते, पण निघताना जाकीट पिशवीत घातलं. बरं झालं. मांडवात धाकट्या भावासमोर थोरल्यानं मला उभं केलं तसा तो म्हणाला, "हा कोन? तुहा दोस्त हाय काय? काय काय आनशीन अजून?"

मी पिशवीतून जाकीट काढून अंगावर घातलं. मांडवातली माणसं पाहू लागली. "मी गस्तीच्या गाडीवर असतो. यायची गाडी बंद पडली होती, लोणीच्या पुढं. मी पाहिली. शंकू मीच लावले."

त्यानं जाकिटाकडे पाहिलं. थोरल्यासारखंच नाक, थोरल्यासारखंच सफाचट डोकं, फक्त उन्हानं काळवंडलेलं.

"क्रेन येनार नव्हती," मी पुढे म्हणालो. "मले मालूम होतं. यायनं इचारलं तं मी अर्धा तास सांगतलं. दोनदा. यायनं तुमाले तेच सांगतलं. थे खोटं माहं होतं, यायचं नव्हतं."

त्यानं मान वळवली आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे धुळीनं माखलेली एक जीप उभी होती.

"थे दिसते? माह्या साळ्याची हाय. त्या दिवशी दिवसभर दारात उभी होती. तीन तास लागतीन, असं कोनी म्हटलं असतं, तं मी सोता आनाले निघालो असतो. दोन घंट्यात हा इथं असता. मायचं तोंड पाहिलं असतं यानं."

हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी त्या झेंडीचाच विचार करत होतो. ती जीप आजही तिथेच उभी होती, आणि एक कुत्रं तिच्या सावलीत झोपलं होतं.

"तुमी आले, सांगतलं, बरं केलं," तो म्हणाला. आवाजात मऊपणा नव्हता. "त्या दिवशीचं तुमच्यावर. पन बाकीचं त्याच्यावर. माय आजारी होती तवा क्रेन नव्हती फसली कुठी."

थोरला माझ्या मागेच होता. मला वाटलं तो काही म्हणेल. तो फक्त "हाव" म्हणाला. तेवढंच.

"जेवून जा," धाकटा मला म्हणाला. "तेरवीच्या घरून उपाशी जात नसते."

मला जेवायचं नव्हतं, पण नाही म्हणायचा मला काय अधिकार होता. मांडवात पंगत बसली. समोर आईचा फोटो, हार घातलेला, आणि फोटोपाशी ते लुगडं, घडी न मोडलेलं. घरधनी म्हणून दोघे भाऊ वाढत होते, पण एक या ओळीत तर दुसरा त्या ओळीत. थोरल्याकडे वरणाची बादली होती, धाकट्याकडे भाताचं टोपलं. भात वाढलेल्यांना वरण मिळत नव्हतं आणि वरणवाला भात नसलेल्या ओळीत उभा होता. एक म्हातारा पत्रावळीवरच्या कोरड्या भाताकडे बघत म्हणाला, "अरे बाप्पा, नुसता भातच खाऊ काय आमी?" दोघांपैकी कुणी हललं नाही.

धाकटा माझ्यापर्यंत आला. माझ्या पानावर भात घातला. पुढे सरकला नाही. टोपलं कमरेवर टेकवून उभा राहिला, भाताकडे बघत. मग मान न वळवता म्हणाला, "दादा, इकडं वरण आन. थंडं होऊन राहिलं."

थोरल्यानं येतो म्हटलं नाही. बादली उचलून तो पंगतीच्या मधून, माणसांच्या पायांवरून, वरण सांडत आला.